अर्धी गावरान

शिवेवर कोंबडी सोडल्यावर मागे वळून पाहायचं नाही, असं धुरपताबाईनं बजावलं होतं. सेवकराम मास्तरांनी ते तंतोतंत पाळलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

त्यांनी एकदा जरी मान वळवली असती, तरी चिंचेखाली सोडलेली कोंबडी चिंचेखाली राहिलेली नाही, ती आपल्या सायकलच्या मागच्या चाकाला धरून तुरुतुरु येते आहे, हे त्यांना दिसलं असतं. पण मास्तर नियमाचे पक्के. घाबरले की त्यांना सायकलवर तोल सांभाळता येत नसे, म्हणून सायकल हातात धरून, मानेत खिळा ठोकल्यासारखे समोर पाहत ते मांडवझरी गावात शिरले. वाटेत कोणी 'राम राम' घातला तर समोरच्या हवेला राम राम करत घराशी आले. दारातल्या बादलीतलं पाणी पायांवर घेतलं, कारण तेही सांगितलेलं होतं, आणि मग फाटक लावायला वळले.

फाटकात कोंबडी उभी होती. पाय धुवायची आपली पाळी कधी येते ते पाहत असल्यासारखी.

आता, उताऱ्याची कोंबडी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला मास्तरांच्या पोटात किती मोठा खड्डा पडला ते कळायचं नाही. घरातल्या माणसावरचं संकट कोंबडीवर उतरवायचं, तिच्या डोक्याला शेंदूर लावायचा आणि गावाच्या शिवेबाहेर तिला सोडून द्यायचं. संकट तिच्यासोबत जातं. रीत अशी सोपी आहे. फक्त कोंबडीनं गेलं पाहिजे.

आणि हे करणारे सेवकराम मास्तर कोण, तर गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारे. दर गणपतीत त्यांचं अंधश्रद्धेवर व्याख्यान होई. एका साली तर त्यांनी तिठ्यावरचा उताऱ्याचा नारळ उचलून आणला, मांडवात सगळ्यांसमोर फोडला आणि खाल्ला. बायाबापड्यांनी डोळे झाकले. पुढे मास्तरांचं पोट जे बिघडलं ते बिघडलं, पण नारळ शिळा होता, हा शास्त्रीय खुलासा त्यांनी ज्याला त्याला केला.

पण नारळ खाणं वेगळं आणि लेक बाळंतपणाला घरी येणं वेगळं. जमुना ही त्यांची एकुलती एक. मागच्या खेपेचं तिचं राहिलं नव्हतं. एवढंच घरात बोललं जायचं आणि आपणही एवढंच बोलू. या खेपेला ती माहेरी आली तेव्हापासून मास्तरांच्या हातून वर्गात खडू मोडू लागले. तिनं कमरेला हात लावला की यांना खुर्ची लागे. ती शिंकली की हे उठून उभे राहत. शाळेत पाणी भरणाऱ्या धुरपताबाईनं हे ओळखलं. एक दिवस माठ भरता भरता ती म्हणाली, "मास्तर, तुमचं व्याख्यान मले पटते. पण पोरगी तुमची हाये, व्याख्यानाची नाही."

मग तिनं रीत सांगितली. कोंबडी काळी पाहिजे, पंखात एकही पांढरं पीस नको. गावरान पाहिजे. पोरीच्या नेसत्या लुगड्यावरून ओवाळायची. आणि कोणाला सांगायचं नाही. "सांगतलं का बिघडलं."

मास्तर अड्याळच्या बाजारात गेले आणि टोपलीतली पहिली काळी दिसली ती उचलून चालू लागले. घासाघीस नाही, पाय पाहणं नाही, वजन पाहणं नाही. असं गिऱ्हाईक त्या बाजारानं पाहिलेलं नव्हतं. विकणारी बाई बराच वेळ त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. आपल्या कोंबडीत आपल्यालाच न दिसलेलं काहीतरी गेलं, या हळहळीनं. घरी तर नेता येत नव्हती. मग ती कुठे ठेवली? शाळेच्या प्रयोगशाळेत, परीक्षानळ्यांच्या कपाटाखाली. जमुनाचं लुगडंही गुपचूप तिथेच नेऊन ओवाळणं उरकलं. कोंबडी ओरडू लागली की व्हरांड्यात मुख्याध्यापकांची चप्पल वाजल्याचा भास होई, म्हणून मास्तर तिला मुठीतून तांदळाची कणी चारत राहिले. खाता खाता तिनं तो हात ओळखून ठेवला. विज्ञानाच्या माणसाला निदान हे तरी कळायला हवं होतं.

तर ती फाटकात उभी. मास्तरांनी आधी खिशातला रुमाल काढून तिच्या डोक्यावरचा शेंदूर खसाखसा पुसला. तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी कौशल्याबाई आल्या.

"कोणाची जी कोंबडी?"

"मले काय ठाऊक? आली."

"रुमालाले काय झालं?"

"लाल शाई. वह्या तपासत होतो."

"वह्या तर घरीच पडल्या हायेत."

मास्तरांनी यावर खोकून घेतलं. कौशल्याबाईंचं अंगण पाहावं, रोज शेणानं सारवलेलं आणि रेघेत रांगोळी घातलेलं. त्यात कोंबडीनं शिटलेलं त्यांना आयुष्यात खपलेलं नव्हतं. त्यांनी खराटा घेतला. कोंबडी अंगणभर पळाली आणि शेवटी मास्तरांच्या दोन पावलांच्या मधोमध येऊन बसली.

"तुमच्याच पायापाशी काहून येते हे?"

"पाय ओले हायेत म्हणून असन. कोंबड्याले ओलावा मानवते." हे शास्त्र त्यांनी जागच्या जागी तयार केलं होतं.

खराट्याच्या आवाजानं शेजारची सखाबाई कुंपणावरून डोकावली. ती तळ्याची मासोळी विकत असे, आणि कोंबड्यांच्या बाबतीत तिचा शब्द गल्लीत अखेरचा. समोरून मोतीलालही आले. ते जंगल खात्यातून नाकेदार म्हणून रिटायर झालेले. पंचायत समितीच्या वाटपात त्यांनी एकदा कोंबड्या घेतल्या होत्या आणि मुंगसाला घातल्या होत्या. या अनुभवाच्या जोरावर ते कुक्कुटपालनावर बोलत.

सखाबाईनं कोंबडीचे दोन्ही पंख धरून तिला अलगद उचललं, हातात दोनदा तोललं, पोटाच्या पिसांवर फुंकर मारून आतली कातडी पाहिली. वधू पाहायला आलेली आत्या एवढी बारकाईनं पाहत नाही.

"गावरान हाये," ती म्हणाली. "पाय पाहा, काळे खडक. अन् डोळा पाहा कसा फिरते. घारीले आपल्या आधी पाहीन हे."

मास्तरांना जरा हायसं वाटलं. म्हणजे रीतीप्रमाणे झालं.

"काळी दिसली का गावरान," मोतीलाल म्हणाले. "पाठीवरची हिरवी चमक पाहा ना, सखाबाई. गावरानले अशी चमक राहते का? हे ऑस्ट्रलॉर्प हाये. विलायती."

"तुमच्या विलायतीले मुंगूस घेऊन गेलं. हे असती तर मुंगसाले घेऊन गेली असती."

"जातीचं बोलून राहिलो मी, स्वभावाचं नाही."

"जात स्वभावातच राहते, नाकेदार साहेब."

वाद वाढत गेला. मास्तरांना त्यातलं फारसं ऐकू येईना, कारण कोंबडी सखाबाईच्या हातातून निसटून थेट पडवीत गेली होती आणि जमुनाच्या खाटेखाली शिरून, मान आखडून, तिथेच बसली होती. जिच्यावरून उतरवून टाकलं तिच्याच बरोबर खाली.

"हाकला तिले," मास्तर म्हणाले.

जमुना खाली वाकून पाहत होती. "राहू द्या ना, बाबा. किती शांत बसली." आणि ती हसली. माहेरी आल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. त्या हसण्याला आनंदावं की भ्यावं हे न कळून मास्तर खांबाला धरून उभे राहिले.

पुढे काय काय केलं ते सांगत बसलं तर पुरायचं नाही. पिशवीत घालून त्यांनी तिला तळ्यापलीकडे सोडलं. सखाबाई मासोळीची पाटी घेऊन येताना तिला काखेत घालून घेऊन आली, "गुरुजी, तुमची कोंबडी फिरायले गेली होती," असं म्हणत. कोणाला देऊन टाकावी, तर घेणाऱ्याच्या घरी संकट जाणार. मास्तर भित्रे असतील, पण वाईट नव्हते. कापावी, तर खाणाऱ्याच्या पोटात संकट. बरं, कोणाला विचारावं तर सांगितलं की बिघडतं. त्यांची अवस्था अशी झाली की कोंबडी घरात चालू लागली की हे थांबत, आणि ती थांबली की यांना घाम फुटे. रात्री जमुना कूस बदले, खाटेखालून कोंबडी 'कुर्र' करी, आणि आतल्या खोलीत मास्तर भिंतीकडे तोंड करून डोळे उघडे ठेवून पडत. कौशल्याबाईंना वाटलं, यांना पित्त झालं. त्या आमसुलाचं पाणी देत राहिल्या.

शेवटी शाळेत माठापाशी त्यांनी धुरपताबाईला गाठलं. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाले, "परत आली."

धुरपताबाईनं घागर खाली ठेवली. "कोंबडी?"

"हो."

"गावरान होती ना?"

"तेच तर समजून नाही राहिलं. सखाबाई म्हणते गावरान, मोतीलाल म्हणते विलायती."

"मंग पाहा, मास्तर," ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "गावरान असन तर उतारा लागला होता, अन् आता घरी परत आला. परत आलेला दुपटीनं बसते. अन् विलायती असन तर लागलाच नाही. आपल्या देवीले विलायतीचं काय समजते? मंग पोरीवरचं पोरीवरच राहिलं."

मास्तरांनी आयुष्यात पोरांना पुष्कळ कोडी घातली होती. दोन्ही उत्तरं चूक असलेलं कोडं त्यांना कोणी प्रथमच घातलं.

तरी, दुप्पट संकट की एकपट, एवढं तरी कळलं पाहिजे. शास्त्राच्या माणसाला प्रमाण हवं असतं. दुपारची सुट्टी होताच ते कोंबडी पिशवीत घेऊन गावातल्या ढोरांच्या दवाखान्यात गेले. तिथे फक्त शिपाई तुलाराम होता. साहेब गाईबैलांच्या कॅम्पला गेलेले. तुलारामनं पिशवीत डोकावून विचारलं, "रोग काय?"

"रोग नाही. जात पाहायची हाये."

"रोग नाही तर केसपेपर निघत नाही."

"मंग जात कोण सांगते?"

"जातीचं काम तहसीलमधी," तुलाराम म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. "माणसाच्या जातीचं. कोंबडीच्या जातीचा दाखला आपल्याकडे फक्त वाटपाच्या लाभधारकाले भेटते. तुम्ही लाभधारक हाये का?"

मास्तरांना, आपण याच्या अगदी उलट काहीतरी आहोत, असं वाटत होतं, पण ते फक्त नाही म्हणाले.

"मंग तिले काहीतरी होऊ द्या. शिंक, ताप, कायबी. मंग आणा." तेवढ्यात पिशवीतून 'कुर्र' आलं. तुलारामनं आशेनं विचारलं, "हा घशाचा आवाज होये का?"

"नाही. ते खुश असली का करते."

"मंग अवघड हाये."

दवाखान्याबाहेर दहावीचे विद्यार्थी उभे होते. मास्तरांच्या पिशवीतून काळी मान बाहेर आली आणि तिनं त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला फळ्यावर कोणीतरी कोंबडी काढून ठेवली होती. चित्र चांगलं होतं. पाठीवर हिरव्या खडूनं चमकही दाखवली होती. म्हणजे पोरंसुद्धा विलायतीच्या बाजूची. मास्तरांनी ते पुसलं आणि ध्वनी हा धडा शिकवला. त्यात प्रतिध्वनी आला तेव्हा, परत येतो तो आवाज दुप्पट असतो का, असं एकानं विचारलं. मास्तरांना त्या तासाला खुर्चीवर बसावं लागलं.

ढोरं तपासणारे स्टॉकमन इश्वर हे तुलारामचे साहेब. त्यांना निरोप कळला आणि ते आपण होऊन घरी आले. माणूस भला. पण नेमके संध्याकाळी आले. तेव्हा सखाबाई कौशल्याबाईंपाशी तांदूळ पाखडत बसली होती, मोतीलाल पडवीत पेपर वाचत होते आणि जमुना खाटेवर टेकून होती. कोंबडी तिच्या खाली, जिथं असायची तिथं.

"मास्तर, जातीसाठी कोणी एवढा जीव टाकलेला मी पाहिला नाही," इश्वर म्हणाले. "आणा."

मास्तरांनी कोंबडी काढून दिली. आता मोतीलाल पेपर बाजूला ठेवून पुढे सरकले, सखाबाईचं सूप थांबलं. मास्तरांनी पाठीमागे हात बांधले.

इश्वरनी आधी तुरा दोन बोटांत धरला. "लाल. गरम." डोळ्याची पापणी उघडली. "साफ." मग तिला उलटी करून पायाचे खवले पाहिले, तळवे पाहिले. तळव्यांपाशी ते थांबले.

"पाय काळे, पण तळवा पांढरा पाहा. हा ऑस्ट्रलॉर्पचा."

मोतीलालनी सखाबाईकडे पाहिलं.

"पण मान पाहा. लांब. अन् हाडापेरानं हलकी, डोळा तेज. हे गावरानचं." सखाबाईनं मोतीलालकडे पाहिलं. "तिकडं सिहोरा, करडीकडंबी वाटपाचे कोंबडे सोडले होते, इकडंबी सोडले. त्यातलीच हे. माय गावरान, बाप सरकारी. अर्धी-अर्धी."

गल्लीतला वाद मिटला. दोघंही जिंकले होते. आणि मास्तरांच्या डोक्यात मात्र काहीतरी भराभर फिरू लागलं. गावरान असती तर दुप्पट. विलायती असती तर एकपट. अर्धी-अर्धी तर किती? दीडपट? की निम्मं उतरलं आणि निम्मं राहिलं? त्यातलं परत आलेलं कोणतं? गणितं त्यांची कधी चुकत नसत, पण या गणिताला शेवटी जमुना होती.

"मंग अर्धा उतारा लागू होते का नाही?" ते म्हणाले.

म्हणजे मनात म्हणाले, असं त्यांना वाटलं. पण सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

सखाबाईनं तोंडावर पदर घेतला. मोतीलाल सावकाश म्हणाले, "मास्तर, तो गणपतीतला नारळ अजून पचला नाही वाटते."

मास्तर खांबाशी खाली बसले. आता सांगूनही झालं होतं. म्हणजे उरलासुरला उताराही बिघडला. त्यांनी कौशल्याबाईंकडे पाहिलं नाही, जमुनाकडे तर नाहीच. जमिनीकडे पाहत, तांदळाच्या कणीपासून ते चिंचेपर्यंत सगळं, वर्गात चूक कबूल करणाऱ्या पोरासारखं ते तुटक तुटक बोलून गेले.

"माह्यासाठी, बाबा?" जमुनानं विचारलं. त्यांनी मान हलवली.

कौशल्याबाई उठल्या. मास्तरांना वाटलं, आता बोलणी बसतील. नारळावरून, व्याख्यानावरून, रुमालावरून.

"एकटे गेले," त्या म्हणाल्या. "पोरगी काय तुमच्या एकट्याची होती? मले सांगतलं असतं तर मी नसती का आली संग? तुमच्यापेक्षा जास्त भेव तर मले हाये. तुम्ही रात्री भिताडाकडे तोंड करून पडता, मी छपराकडे पाहून पडते."

सखाबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडलं नाही.

मग कौशल्याबाईंनी, ज्यांनी जन्मात कोंबडीला हात लावला नव्हता, इश्वरच्या हातून ती कोंबडी घेतली. धरता येत नव्हती. नवं लेकरू धरावं तशी त्यांनी ती दोन्ही हातांवर घेतली.

"डॉक्टर, हे बिमार हाये का?"

"नाही ना, बाई. हे पाहा." इश्वरनी त्यांचं बोट धरून कोंबडीच्या छातीवर ठेवलं. "मधचं हाड लागते का बोटाले? नाही लागत. मांसात बुडालं हाये. खराब कोंबडीचं हाड सुरीसारखं वर येते. अन् मागं हे दोन हाडं, यात तीन बोटं बसतात, म्हणजे अंड्यावर हाये. एक नंबर तब्येत."

कौशल्याबाईंनी ते छातीचं हाड पुन्हा पुन्हा चाचपलं. मग त्या मास्तरांकडे वळल्या.

"पोरीवरचं वाईट हिच्यात गेलं असतं तर हे वाळली असती का नाही?"

"असती," मास्तर म्हणाले.

"हे तर लोण्यासारखी हाये. म्हणजे हिच्यात काही गेलंच नाही. काहून नाही गेलं? पोरीत जायसारखं काही होतंच नाही म्हणून."

मोतीलालनी तोंड उघडलं. सखाबाईनं त्यांना पाय लावून गप्प केलं.

मास्तरांनी हा तर्क मनातल्या मनात उलटासुलटा करून पाहिला. त्यात एक मोठं भोक होतं, आणि ते त्यांना दिसत होतं. पण बुडत्यानं हाती आलेल्या भोपळ्याला भोक शोधू नये. त्यांनी उठून, कोंबडीच्या छातीचं हाड स्वतःच्या अंगठ्यानं चाचपलं. लागत नव्हतं.

त्या दिवसापासून मास्तरांचा नवा दिनक्रम बसला. सकाळी उठून ते आधी खाटेखालची कोंबडी काढत, छाती चाचपत, तुरा पाहत, आणि मग जमुनाला विचारत, "कसं वाटते, बाई?" आधी कोंबडी, मग पोरगी. जमुनाला डोहाळ्याचं जेवण मिळायचं त्यातलं निम्मं खाली सरकवलं जाई, आणि मास्तर ते पाहून न पाहिल्यासारखं करत. एखाद दिवशी कोंबडीनं कमी खाल्लं की त्या दिवशी शाळेत पोरांना गृहपाठ नसे. मास्तरांना गृहपाठ द्यायचं सुचतच नसे. गल्लीत थट्टा व्हायची. मोतीलाल समोरून ओरडून विचारत, "मास्तर, आज हाड कसं काय?" मास्तरांची अब्रू उरली होती तेवढी गेली. पण हाड लागत नव्हतं, म्हणून ते मान खाली घालून "ठीक हाये" म्हणत आणि सायकल काढत.

आणि मग एका सकाळी हाड लागलं.

आदल्या दोन-तीन दिवसांपासून कोंबडी खाटेखालच्या पोत्यावरून उठत नव्हती. कणी समोर ठेवली तरी पाहत नव्हती. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसून राही. मास्तरांनी हात घातला तेव्हा तिनं चिरकून चोच मारली, आणि अंगठ्याखाली छातीचं हाड टोकदार आलं. तुरा फिका. पोटाची पिसं गळालेली. ते तसेच वाकलेले असताना वर खाटेवर जमुना म्हणाली, "आई, जरा इकडं ये."

त्यानंतर जे झालं त्यात मास्तरांना कोणी विचारलं नाही. जीप आली, सखाबाईनं गाठोडं बांधलं, कौशल्याबाई जमुनाला धरून बसल्या. मास्तर एक पाय जीपमध्ये ठेवून उभे राहिले तेव्हा कौशल्याबाई म्हणाल्या, "तुम्ही घरीच राहा. तुमचं तोंड पाहून पोरगी अजून भेते." आणि जीप पवनीच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागली.

मास्तर घरात एकटे राहिले. एकटे म्हणजे ती होती. रिकाम्या खाटेखाली, फुगलेली, वाळलेली. ते खाटेशेजारी जमिनीवर बसले. पाणी पुढं केलं, तिनं पाहिलं नाही. दाणे पुढं केले, पाहिलं नाही. सखाबाईनं कुंपणावरून सांगितलं, "गुरुजी, तिले काही झालं नाही. खुडूक झाली ते. अंड्यावर बसाले पाहते, मंग असंच उपाशी राहते. माह्या घरी चार बसल्या हायेत तशा." मास्तरांनी मान हलवली. पक्षिणींची ही अवस्था ते दरसाल सातवीला शिकवत. पण ती पुस्तकातली कोंबडी होती. त्यांच्या मनानं एकच धरलं होतं, कोंबडी लोण्यासारखी आहे म्हणून पोरीला काही नाही. आणि कोंबडी आता लोण्यासारखी नव्हती.

दिवस कलला तशी त्यांनी तिच्याशी बोलायला सुरुवात केली. आधी विनंती. मग थोडं दटावणं, वर्गात करतात तसं. मग पुन्हा विनंती. "एक दाणा खा," ते म्हणाले. "एकच. माह्याकडे पाहून." ती खाटेखालच्या अंधारातून एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला जे हवं होतं ते त्यांच्यापाशी नव्हतं, आणि त्यांना जे हवं होतं ते तिच्यापाशी.

मोतीलाल एसटीनं पवनीला जाऊन आले होते. ते फाटकात आले. नेहमी रस्त्यावरून ओरडणारा माणूस आज न ओरडता आत आला, हे मास्तर बसल्या जागेवरून पाहत राहिले. मोतीलाल पडवीच्या पायरीवर बसले, टोपी काढली.

"पोरगी झाली," ते म्हणाले. "दोघी बऱ्या हायेत. अन् मास्तर, पुढच्या बारीले मले पाठवू नका. तुमचं तोंड पाहून मलेच बोलता नाही येत."

मास्तरांनी मोतीलालचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

काही दिवसांनी त्या तिघी घरी आल्या. कौशल्याबाई थकलेल्या होत्या, पदर खोचून थेट चुलीपाशी गेल्या. मास्तर मागे मागे.

"एक विचारू?"

"विचारा."

"तू म्हणत होतीस, कोंबडी जाड हाये म्हणून पोरीत काही नाही."

"हो."

"ज्या दिवशी तुम्ही गेल्या, त्याच दिवशी तिचं हाड लागलं. पार वाळली होती."

कौशल्याबाईंनी लाकूड आत सारलं. "मंग घेतलं असन तिनं."

"पण मंग आधीचं खोटं झालं. दोन्ही कसं खरं असन? जाड असली तरी चांगलं, वाळली तरी चांगलं. शास्त्रात असं चालत नाही."

"पोरगी घरी आली का नाही?"

"आली."

"लेकरू आलं का नाही?"

"आलं."

"मंग दोन्ही खरं. शास्त्र शाळेत शिकवा. इकडं लेकरू रडून राहिलं, त्याले घ्या जरा. माह्ये हात भरले हायेत."

मास्तरांनी हात धुतले, धोतराला पुसले, पुन्हा धुतले. जमुनानं फडक्यात गुंडाळलेली पोर त्यांच्या हातांवर ठेवली. त्यांना वाटलं होतं काही वजन असेल. नव्हतंच. हातांवर काही ठेवलं आहे की नाही हे पाहायला त्यांना खाली पाहावं लागलं. तिनं रडणं थांबवलं, तोंड वेडंवाकडं केलं, एक मूठ उघडली आणि मिटली. आणि मास्तरांच्या पोटात पुन्हा तो खड्डा पडला, पहिल्यापेक्षा मोठा. हिला ताप येईल, ही तळ्याकाठी जाईल, हिला रस्ता ओलांडावा लागेल, हिचं लग्न होईल. ही भीती उतरवायची म्हटली असती, तर जिल्ह्यातल्या सगळ्या काळ्या कोंबड्या पुरल्या नसत्या. मास्तरांना ती उतरवायचीही नव्हती. ती तशीच हातांवर घेऊन, पाऊल जपून टाकत, ते अंगणभर फिरत राहिले.